काळ्या कोटाचा खर्च कोण उचलतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बारावीचे आणि पदवीचे निकाल तोंडावर आले की या सदराच्या टपालात एलएलबीची पत्रं वाढतात. या खेपेला सगळी जागा त्यांनाच दिली आहे. प्रश्न बहुतेक पैशांचे आहेत: फी कोण भरणार, शिष्यवृत्ती कुठे अडली, वर्ग चालवायला निधी कुठून आणायचा. उत्तरं लिहिताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. सरकारचा पैसा मिळतो तो प्रवेशापासून शेवटच्या वर्षाच्या निकालापर्यंत. सीईटीच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या) आधी आणि सनदेच्या (वकिलीच्या परवान्याच्या) नंतर आपल्याच खिशात हात घालावा लागतो, आणि गरीब घरातलं पोर गळतं तेही याच दोन टोकांना. रकमा आणि अटी शासन निर्णयाने बदलतात, तेव्हा अर्ज भरताना त्या वर्षीची अट महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर, वाचून घ्या.

आम्ही ओबीसी. मुलीचा पाच वर्षांच्या एलएलबीला कॅपमधून (केंद्रीय प्रवेश फेरीतून) नंबर लागला. ‘मुलींना फी माफ’ ऐकून गेलो, तर कॉलेजने १४,००० रुपये भरायला सांगितले. ही फसवणूक आहे का? – वाचक, घाटकोपर

पावती बघितल्याशिवाय फसवणूक म्हणता येणार नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) या गटांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्याआधी सवलत निम्मी होती. माफी या दोनच शीर्षकांची आहे. विकास शुल्क, ग्रंथालयाची अनामत, जिमखाना, ओळखपत्र असले आकडे तिच्यात बसत नाहीत, आणि विनाअनुदानित कॉलेजात त्यांची बेरीज बऱ्यापैकी होते.

म्हणून पैसे देण्याआधी शीर्षकवार तपशील लेखी मागा. विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय आकडे त्याच्या संकेतस्थळावर असतात. ते शेजारी ठेवून ताडून बघा. १४,००० मध्ये ‘ट्यूशन फी’ असं शीर्षक दिसलं, तर शासन निर्णयाचा हवाला देऊन प्राचार्यांना अर्ज द्या, पोच घ्या आणि एक प्रत उच्च शिक्षण सहसंचालक, मुंबई विभाग यांना पाठवा. काउंटरवर वाद घालण्यापेक्षा पोच घेतलेला अर्ज जास्त काम करतो.

दोन ठिकाणी लोक हमखास चुकतात. पहिलं, ही सवलत कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच आहे. व्यवस्थापन कोट्यातला किंवा संस्थास्तरावरचा प्रवेश चालत नाही, आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं योजनेबाहेर आहेत. दुसरं, नॉन-क्रिमीलेअर (प्रगत गटात मोडत नसल्याचा ओबीसीचा दाखला) म्हणजे उत्पन्नाचा दाखला नव्हे. नॉन-क्रिमीलेअर काढताना पगार आणि शेतीचं उत्पन्न सहसा धरत नाहीत. तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यात सगळं धरतात. वडील पालिकेत कारकून आणि पगार वर्षाला ९ लाख असेल, तर मुलीला ओबीसीची जागा मिळेल, पण फीमाफी मिळणार नाही. दोन्ही कागदांवर ८ लाखच लिहिलेलं असतं, त्यामुळे गोंधळ होतो.

आमचं मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात. वडील १९८४ मध्ये मुंबईत आले, माझा जन्म विक्रोळीचा. आम्ही नवबौद्ध. सेतूवाल्याने जातीचा दाखला इथे निघणार नाही म्हणून परत पाठवलं. खरं आहे का? – वाचक, विक्रोळी

खरं आहे. जातीचा दाखला आज तुम्ही कुठे राहता यावर ठरत नाही. एका ठरावीक तारखेला तुमचं कुटुंब कुठे राहत होतं यावर ठरतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. तुमचे आजोबा १९५० मध्ये सोलापूर जिल्ह्यात होते, म्हणून दाखला त्या तालुक्याच्या प्रांताधिकाऱ्याकडून. ‘आपले सरकार’वरून अर्ज करता येतो, पण पुराव्याचा कागद गावीच सापडतो. एक फेरी धरून चाला.

काय शोधायचं? आजोबांचा किंवा त्यांच्या भावाचा शाळेचा दाखला. तो नसेल तर तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचं जुनं रजिस्टर, ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात. तुमच्या बाबतीत वर्षाला महत्त्व आहे. ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या दाखल्यांवर अनेकदा नुसतं ‘बौद्ध’ असतं, आणि तेवढ्यावर पूर्वीची जात सिद्ध होत नाही. त्याआधीची नोंद मिळाली तर काम सोपं. नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल (‘धोंडी’चं ‘धोंडीराम’ झालेलं असतं), तर तहसीलदारापुढे वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करून दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं त्यात लिहून घ्या.

दाखल्यानंतर पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी. तीही दाखला दिलेल्या जिल्ह्याच्या समितीकडे. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला, म्हणजे वडील, काका, आत्या किंवा चुलतभावाला व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर तिची प्रत जोडा. अर्ज बराच हलका होतो. आईकडची चालत नाही.

इथे एक तक्रार नोंदवायची आहे. इंजिनिअरिंग आणि मेडिकल डोळ्यांसमोर असल्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयं सायन्सच्या मुलांकडून अकरावी-बारावीतच व्हॅलिडिटीचे अर्ज भरून घेतात. आर्ट्स आणि कॉमर्सच्या मुलांना कोणी विचारतही नाही, आणि कायद्याकडे जास्त मुलं तिथूनच जातात. मग कॅपच्या तोंडावर धावपळ. बारावीत असतानाच प्राचार्यांचं पत्र घेऊन अर्ज करा. अर्जाची पावती दाखवून प्रवेश मिळाला, तरी दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो, आणि शिष्यवृत्तीही अडते.

ईडब्ल्यूएसचा दाखला आपल्याला मिळेल का, असं विचारणाऱ्या गोवंडीच्या वाचकांसाठी: राज्याच्या ईडब्ल्यूएस दाखल्याला कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ किंवा त्याआधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. उत्तरेतून नंतर आलेल्या कुटुंबांचे अर्ज इथेच फेटाळले जातात. तुमची बिरादरी राज्याच्या ओबीसी यादीत आहे का, हे आधी तपासा. विणकर जमातींसह अनेक मुस्लिम जाती त्या यादीत आहेत. मात्र ओबीसीसाठीही १९६७ चीच तारीख लागते.

महाडीबीटीवर अर्ज मंजूर दिसतो. पाच महिने झाले, खात्यात एक रुपया नाही. कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवतंय. – वाचक, धारावी

मंजुरी आणि पैसे यांच्या मध्ये तीन-चार दारं आहेत. एकेक उघडून बघा.

आधी बँक. ‘आधार लिंक आहे’ असं बँकेतला माणूस सांगतो तेव्हा तो बहुतेक वेळा केवायसीबद्दल बोलत असतो. शिष्यवृत्तीला लागतं ते वेगळं: तुमचा आधार क्रमांक एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय महामंडळाच्या) नोंदीत कोणत्या बँकेला जोडला आहे. तिथे एका आधारावर एकच बँक चालू असते, शेवटची जोडलेली. मोबाइलवर कुठलं तरी झटपट खातं उघडताना ‘डीबीटी (सरकारी मदत थेट खात्यात) इथे घ्यायचं का’ या चौकोनावर खूण केली असेल, तर पैसे त्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडलेले असू शकतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ ओटीपी टाकून दोन मिनिटांत दिसतं. बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द, दोन्ही बघा.

दुसरं, खात्याचा प्रकार. पूर्ण केवायसी न करता उघडलेलं ‘स्मॉल अकाउंट’ असेल तर त्यात एका वेळी ५०,००० रुपयांवर शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षभरात एक लाखावर जमा होऊ शकत नाही. सरकारी अनुदानाला शिल्लकेची मर्यादा लागत नाही, पण जमेची मर्यादा ओलांडली की व्यवहार परत जाऊ शकतो. पोर्टलवर कारण नीट दिसत नाही, मुलं समाजकल्याणच्या कार्यालयात खेटे घालतात, आणि चूक असते बँकेत. शाखेत जाऊन केवायसी पूर्ण करून खातं साध्या बचत खात्यात बदलून घ्या.

तिसरं, पैसे तुकड्यांनी येतात. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावं लागतं. त्याहून जास्त असेल तर भत्ता नाही, पण शिक्षण व परीक्षा शुल्काच्या फ्रीशिपचा (माफीचा) वेगळा अर्ज आहे. दोन्ही वाटे वेगवेगळ्या दिवशी येतात, म्हणून अर्धी रक्कम आली की घाबरू नका. मात्र त्यात कॉलेजच्या फीचा भाग असतो आणि तो तुम्हीच कॉलेजला भरायचा असतो. भाड्याची थकबाकी असलेल्या घरात तो पैसा लगेच वापरला जातो, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी कॉलेज थकबाकी दाखवतं. असं बरंच घडतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

चौथं, लॉगिन उघडून ‘रिडीम’ करायचं, म्हणजे मंजूर रक्कम मागून घ्यायचं, राहिलं आहे का, किंवा अर्ज ‘सेंड बॅक’ होऊन पडला आहे का, ते बघा. सेंड बॅक म्हणजे नामंजूर नव्हे. दुरुस्त करून मुदतीत परत पाठवायचा असतो. हमखास कारणं अशी: उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपलेला, कॅपचा अर्ज क्रमांक चुकीचा, आणि बारावी व प्रवेश यांच्यात एखादं वर्ष रिकामं असताना गॅपचं प्रतिज्ञापत्र न जोडणं.

परीक्षेच्या फॉर्मचं म्हणाल तर मंजूर अर्जाची प्रिंट जोडून प्राचार्यांना पत्र द्या आणि पोच ठेवा. ऐकलं नाही तर तुमच्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे जा. धारावी मुंबई शहर जिल्ह्यात येते, कुर्ला उपनगरात. चुकीच्या कार्यालयात गेलात तर दिवस वाया जातो.

मुंबईतच राहतो, घर १० बाय १२, माणसं सात. स्वाधारमधून भाड्याच्या खोलीचे पैसे मिळतील का? – वाचक, चेंबूर

नाही. स्वाधार योजना शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या, बाहेरगावच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे; कॉलेज असलेल्या शहराचा रहिवासी अपात्र ठरतो. बाहेरून मुंबईत आलेल्या पात्र मुलाला वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. हजेरी ७५ टक्के लागते. आदिवासी मुलांसाठी अशीच स्वयम् योजना आहे, आणि ओबीसी, विमुक्त-भटके व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना.

वर्षाचे २०,००० म्हणजे महिन्याला साडेसोळाशेच्या आसपास. मुंबईत तेवढ्यात कॉटही मिळत नाही, हे आम्हालाही दिसतं. तुमच्यासाठी निदान बसायला जागा म्हणून पालिकेची अभ्यासिका किंवा कॉलेजचं वाचनालय. रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं ते प्रवेश घेण्याआधीच विचारून ठेवा.

मराठी माध्यम, बारावी कॉमर्स. क्लॅट द्यावी की सीईटी? क्लासची फी परवडत नाही. – वाचक, भांडुप

दोन्ही द्या, पण भिस्त सीईटीवर ठेवा. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, फक्त इंग्रजीत असते, १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. अर्जाचीच फी ४,००० रुपये, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना ३,५००. शिवाय परीक्षा डिसेंबरमध्ये, म्हणजे बारावीच्या ऐन अभ्यासात. राज्याच्या विधी सीईटीत मराठीतूनही प्रश्न वाचता येतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न सोडू नका. पाच वर्षांच्या सीईटीत सध्या १२० पैकी इंग्रजीला २४ गुण आहेत, पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या सीईटीत मात्र ४०. इंग्रजी कच्चं असेल तर बारावीनंतर लगेच जाणं सोपं पडतं, हा यातला हिशोब.

सीईटी म्हणजे दुय्यम, हा समज काढून टाका. चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं, तिथे १९३५ ते १९३८ डॉ. आंबेडकर प्राचार्य होते, आणि तिथला प्रवेश सीईटीतूनच होतो. फी काही हजारांत. राष्ट्रीय विधी विद्यापीठात ती वर्षाला काही लाखांत जाते. अनुसूचित जातीच्या मुलाला तिथे प्रवेश मिळालाच, तर केंद्राची ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती बघा: उत्पन्नमर्यादा ८ लाख, शिक्षण शुल्क आणि वर पहिल्या वर्षी ८६,०००, पुढे दरवर्षी ४१,००० रुपये. ती यादीतल्या संस्थांनाच आणि मोजक्या जागांना आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, महाडीबीटीवर नव्हे.

क्लासचं उत्तर मात्र कडू आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांचं मोफत प्रशिक्षण मुख्यतः एमपीएससी, यूपीएससी, जेईई, नीट यांच्याभोवती फिरतं. विधी प्रवेशाकडे लक्ष कमी. न्यायाधीश भरतीचा वर्ग काही वर्षी जाहिरातीत दिसतो, पण त्याला एलएलबी हवी. सरकारी नसलेल्यांत ‘इडिया’ ही प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली संस्था वंचित घरांतली मुलं निवडून त्यांना क्लॅटसाठी तयार करते. अकरावीतच संपर्क साधा. जुनी पुस्तकं फोर्टच्या फुटपाथवरून घ्यायची असतील तर १ जुलै २०२४ च्या आधीची फौजदारी कायद्याची घेऊ नका. दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. विकणारा ते सांगत नाही.

दिवसा कुरिअरची नोकरी. एलएलबी करता येईल का? – वाचक, कांदिवली

पूर्णवेळ नोकरी करून नाही. बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमांप्रमाणे प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी हवी. सकाळची तुकडी असलेली कॉलेजं मुंबईत आहेत. दुपारनंतरचं अर्धवेळ काम त्यात बसतं. नोकरी लपवून शिष्यवृत्ती घेऊ नका, नंतर वसुली निघते.

आमचं मंडळ मानखुर्दमध्ये मुलांसाठी सीईटीचा रविवारवर्ग काढणार आहे. सरकारी निधी मिळतो का? कोणाकडे मागायचा? – मंडळाचे कार्यकर्ते

मिळतो, पण तुम्ही समजता तसा थेट हातात नाही.

आमदार निधीतून जागा, बाकं, संगणक होऊ शकतात, शिकवणाऱ्याचं मानधन नाही. आमदार शिफारस करतात, काम सरकारी यंत्रणा करते. मंडळाच्या खात्यात धनादेश येत नाही. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनेचं शीर्षक असतं, आणि अनुसूचित जातींसाठी वेगळी उपयोजना. तिथे प्रस्ताव खात्यामार्फत जावा लागतो, म्हणून समाजकल्याण कार्यालयाला बरोबर घ्या. मुंबई शहर आणि उपनगर यांच्या समित्या वेगळ्या, तुमची उपनगरची. पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यात ठरतो. जूनमध्ये गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच ऐकाल. दिवाळीच्या सुमाराला कागद पोचायला हवा. केंद्राच्या अनुदानासाठी एनजीओ दर्पणचा (संस्थांच्या केंद्रीय नोंदणी पोर्टलचा) क्रमांक लागतो आणि खर्चानंतर जीएफआर १२-ए नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र. ते थकलं की पुढचा हप्ता थांबतो.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामाचा निधी) हा सरकारी पैसा नाही, पण लहान वर्गाला तोच लवकर मिळतो. त्यासाठी सीएसआर-१ नोंदणी आणि १२ए, ८०जीचे (प्राप्तिकर सवलतीचे) क्रमांक हवेत. बहुतेक मंडळं अडतात ती त्याच्याही आधी, धर्मादाय आयुक्तांकडे. शेड्यूल वनच्या, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीच्या, उताऱ्यावर दहा वर्षांपूर्वी वारलेले विश्वस्त अजून नांदत असतात, कारण बदल अर्ज कोणी भरलेलाच नसतो. देणारा पहिल्यांदा तोच उतारा मागतो. आज काढून बघा.

खर्च मात्र फार नाही. ४० मुलं, २० रविवार, चार-चार तास, म्हणजे ८० तास. दर रविवारी मुलामागे १२ पानं धरली तर ९,६०० पानं. दीड रुपयाने १४,४००. खरा खर्च शिकवणाऱ्यांचा आणि सराव परीक्षेचा. सीईटी संगणकावर होते, आणि मोबाइलवर सराव केलेली मुलं माउस हातात आला की वेळ घालवतात. शेवटचे पाच रविवार पालिका शाळेची संगणक खोली मिळवा. आणि सगळे तास कायद्याला देऊ नका. वर्गात पदवीची मुलं असतील तर निम्मा वेळ इंग्रजी उताऱ्यांना. जवळच्या विधी महाविद्यालयाला विधी सहाय्य केंद्र चालवावं लागतंच; तिथली तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं शिकवायला येतात. प्रवासखर्च आणि नाश्ता तेवढा द्या. पहिल्या दोन रविवारी शिकवण्याऐवजी मुलांचे दाखले तपासलेत, तर निकालाला त्याचा फायदा बाकी सगळ्यापेक्षा जास्त होईल.

अमेरिकेत वंचित घरांतल्या मुलांसाठी सरकार कायद्याच्या कॉलेजच्या आधीच पैसे घालतं म्हणतात. खरं का? – वाचक, दादर

हो, घालत होतं. ‘क्लिओ’ नावाचा उपक्रम तिथे १९६८ मध्ये सुरू झाला. प्रवेशाआधीच्या उन्हाळ्यात काही आठवड्यांचा वर्ग घेऊन मुलांना कायद्याच्या वाचन-लेखनाची सवय लावायची, अशी पद्धत. त्यामागे संघराज्याचा निधी होता, आणि १९९८ च्या कायद्यात त्या मदतीला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांचं नाव दिलं गेलं. आपली मदत जागा राखून ठेवते आणि फी परत करते. जागेपर्यंत पोचवण्याचं काम कुटुंबावर सोडते. आपल्याकडचं आरक्षण त्यांच्याकडे नाही, तेव्हा तुलना इथवरच.

मुलगा एलएलबी झाला. सनदेला किती खर्च? न्यायाधीशाच्या परीक्षेला लगेच बसता येईल का? – वाचक, कुर्ला

सनद आता स्वस्त झाली आहे. राज्योराज्यीच्या बार कौन्सिल १५,००० ते ४२,००० रुपये घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार खटल्यात सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही: सर्वसाधारण ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. स्टॅम्प ड्यूटी वेगळी. आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. पुढे अखिल भारतीय बार परीक्षा, फी ३,५०० आणि अनुसूचित जाती-जमातींना २,५००. टिपा नसलेला बेअर ॲक्ट (कायद्याचं मूळ पुस्तक) परीक्षेत नेता येतो. उत्तीर्ण व्हायला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०.

न्यायाधीशाच्या परीक्षेला लगेच नाही. २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तरावरच्या न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. मोजणी तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून होते, म्हणून निकाल लागताच सनदेचा अर्ज करा. दिरंगाईचा प्रत्येक महिना पुढे भरून काढावा लागतो.

ती तीन वर्षं काढायची कशी, हा खरा प्रश्न. महाडीबीटी विद्यार्थ्यांसाठी आहे, सनद हातात आली की तो आधार संपतो. भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं परिपत्रक काढलं, पण ते शिफारशीपुरतं आहे. सिनिअरवर बंधन नाही. कर्नाटकात समाजकल्याण खातं अनुसूचित जातीच्या नव्या वकिलांना विद्यावेतन देतं. आंध्रने २०१९ मध्ये नव्या वकिलांना महिना ५,००० रुपये द्यायला सुरुवात केली होती. ‘न्यायाधीश व्हायला आधी तीन वर्षं कळ काढा’ असं म्हणायचं आणि त्या तीन वर्षांच्या जेवणाची सोय करायची नाही, हे आम्हाला पटत नाही.

सरकारी पैशाची एक वाट आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक (गरीब आरोपींची बाजू मोफत मांडणाऱ्या) कार्यालयात सहायक पदाला शून्य ते तीन वर्षांचा फौजदारी अनुभव चालतो. दरमहा मानधन मिळतं, काम पूर्णवेळ, खासगी खटले घेता येत नाहीत, नेमणूक कंत्राटी. जाहिरात प्राधिकरण काढतं. मुंबई शहर आणि उपनगर, दोन्हींवर नजर ठेवा. विधी सेवेच्या पॅनेलवर वकील म्हणून जायचं असेल तर तिथेही तीन वर्षं लागतात.

तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाकडून घ्यायचा असतो आणि त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही लागते. तेव्हा पहिल्या दिवसापासून एक वही ठेवायला सांगा: तारीख, कोर्ट, खटला क्रमांक, काय केलं. आणि वकीलपत्रावर सिनिअरच्या खाली स्वतःचं नाव व सनद क्रमांक घालून घ्यायला लाजू नको म्हणावं.